फरशीखालचा किनारा

अन्याय कोणावर झाला: इस्माईल मिस्त्री, फरशी बसवणारे, राहणार दारव्हा. कधी झाला: खडीच्या खाणीच्या पहिल्या सुनावणीच्या बुधवारी, सकाळी साडेअकराला, साहेबांनी ‘हे सांगतंय कोण?’ असं विचारलं त्या क्षणी. कोणी केला, हे आमच्या पत्रकांत शेवटी जाड अक्षरांत छापायची रीत आहे. इथे आधीच लिहून मोकळी होते. मी केला.

चाचा, तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले. संघटनेतली पोरं म्हणाली, तू जवळची होतीस, तूच लिही. मी बसले आणि हात आपोआप चालला: ‘लढ्याचा आधारवड कोसळला.’ पाच वर्षं पत्रकं लिहून हाताला हेच वळण लागलंय. कोणी गेलं की वड कोसळतो, पोकळी निर्माण होते, आणि खाली अध्यक्षांची सही. तुम्ही वाचलं असतं तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतात, ‘वड कुठी होता, पोट्टे? मी तं फरशीवाला.’ फाडून टाकलं ते.

तुम्ही लढ्यात नव्हतातच. मोर्चाला एकदाच आलात. सगळे झेंड्याकडे बघत होते आणि तुमची नजर दुकानांच्या पायऱ्यांवर. घोषणेच्या मधोमध तुम्ही मोठ्यांदा म्हणालात, ‘हे जोड कोणं बसवले बे? डोये मिटून बसवले का?’ मागची पोरं हसली, घोषणा विस्कटली. मी तुमच्यावर डाफरले. आता वाटतं, त्या दिवशी आम्ही जे काही ओरडलो त्यातलं पाहून बोललेलं वाक्य तेवढंच होतं.

मी थकले आहे, चाचा. राग येतो अजून, पण पूर्वीसारखा उठून उभा राहत नाही. बसल्या बसल्या येतो आणि बसल्या बसल्या जातो.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही बोरी अरबला आमच्या घरी आलात ते आठवतं. आमच्या स्वयंपाकघरातली एक फरशी खचली होती. खालून उंदरांनी पोखरलं होतं. माझ्या जन्माच्या आधी ती फरशी तुम्हीच बसवली होती, म्हणून बाबांनी तुम्हालाच फोन केला. तुम्ही एसटीने आलात, खांद्यावर पिशवी, हातात सब्बल, म्हणजे आपली लोखंडी पहार. बाबा म्हणाले, ‘मिस्त्री, फरशी तुमची, उंदीर आमचे. अर्धा अर्धा दोष.’ तुम्ही हसला नाहीत. फरशीवर टिचकी मारून आवाज ऐकलात आणि म्हणालात, ‘बाहेर जा सारे. उचलताना कोणाचा पाय चेंगरते.’

आणि दार आतून लावून घेतलंत. आई ओसरीत उभी राहून कुरकुरली, ‘माह्याच स्वयंपाकघरात मलेच बंदी. कोंडून कायले घेते हा माणूस?’ शेजारच्या काकूंकडून चहा आणावा लागला. तासाभराने तुम्ही दार उघडलंत तेव्हा फरशी जागेवर होती, जोड भरलेले, वर ओलं पोतं. आम्ही कोणी काहीच पाहिलं नाही. हे मी आता पुन्हा पुन्हा आठवते आहे. आम्ही कोणी काहीच पाहिलं नाही.

चहा पिताना तुम्ही ओसरीत पडलेलं माझं पत्रक उचललंत. पैनगंगेकडच्या एका गावात नाल्याकाठी खडीच्या खाणीचा घाट घातला होता, त्याविरुद्धचं. चराई जाईल, सुरुंगाने भिंती तडकतील, असं सगळं होतं त्यात. तुम्ही बोट ठेवून ओळ न् ओळ वाचलीत.

‘सारं लिहिलं तू,’ तुम्ही म्हणालात. ‘जनावरं लिहिले, भिती लिहिल्या. त्या नाल्यात समुद्र येऊन गेला, ते काहून नाही लिहिलं?’

मी हसले. ‘चाचा, आमच्याकडे टँकर येईना आठ आठ दिवस. समुद्र कोण्या रस्त्यानं आला?’

‘रस्ता तं नंतर झाला, पोट्टे. पहिले तोच होता.’

मग तुम्ही मला कोकण सांगितलंत. ऐन उमेदीत, दारव्ह्यात तुमच्या हातच्या गुळगुळीत फरशीला तोड नव्हती तेव्हा, एका ठेकेदाराने तुम्हाला तिकडे नेलं. समुद्राला लागून एक मोठं विश्रामघर बांधणं चालू होतं, त्याची फरशी तुमच्याकडे. पहिल्या सकाळी तुम्ही खाली उतरलात. ओहोटी होती. पाणी दूर गेलेलं आणि ओली रेती उघडी. रेतीवर बारीक बारीक वळ, एकामागे एक, बोटभर अंतरावर, लांब पसरलेले.

‘मी पाय उचलला आन् तसाच उभा राह्यलो,’ तुम्ही म्हणालात. ‘ठेवू कुठी? अरे, हे तं माह्या ओळखीचं होतं. त्या नाल्यातून फरशी येते ना आपल्याकडे, तिच्या तोंडावर हेच वळ. गिऱ्हाईक म्हणते, मिस्त्री, हे खडबडीत काढा, पायाले टोचते. मी मशीन लावून काढो. वीस वर्ष काढले. वीस वर्ष मी लोकायच्या घरातून समुद्र घासून राह्यलो होतो, आन् मले मालूमच नाही.’

हे सांगताना तुम्ही चहाची बशी खाली ठेवली नाहीत. हातात धरून बसलात, आतला चहा गार होईपर्यंत. मी तेव्हा काय केलं सांगू? मनात मथळा जुळवला.

नंतर आपण त्या नाल्यात गेलो. तुम्ही हट्ट धरलात की सकाळीच जायचं, ऊन तिरपं असताना. दुपारी डोक्यावर ऊन आलं की वळ दिसेनासे होतात. दोन गाड्या बदलून पोचलो. नाल्याच्या तळाशी दगडाचे थर, वहीची पानं रचावीत तसे. तुम्ही बाटलीतलं पाणी वरच्या थरावर ओतलंत आणि दगड एकदम बोलायला लागल्यासारखा झाला. एकामागे एक वळ. मी इतकी वर्षं या जिल्ह्यात राहते आणि माझ्या पायाखाली ओहोटी लागलेली होती.

‘हात फिरव. आता सांग, दोन्हीकडचा उतार सारखा आहे का नाही?’

होता.

‘नदीचं पाणी एकाच बाजूनं वाह्यते. तं वळाले एका बाजूनं लांब उतार येते आन् दुसऱ्या बाजूनं तुटका. लाट कशी? येते न् जाते, येते न् जाते. दोन्हीकडून सारखं. आन् माथा पाह्य, टोकदार. खाली गोल. टोक जिकडं, तिकडं आभाळ. हा दगड उलटा पडला ना, तरी मी सांगीन याचं तोंड कोणतं.’

मला खरं वाटलं नाही असं नव्हे, पण तुम्हाला पटवून द्यायचंच होतं. पुढच्या आठवड्यात दारव्ह्याला तुमच्या घरी तुम्ही चाचींची परात घेतलीत, तळाशी बारीक रेती, वर पाणी. परात हळूहळू इकडून तिकडे झुलवलीत आणि रेतीत वळ उठले, दोन्हीकडून सारखे. मग एका बाजूने तांब्याने पाणी सोडलंत. वळ एका अंगाला कलले. ‘पाह्यलं?’ आतून चाची ओरडल्या, ‘पाह्यलं! माही पीठ मळायची परात हाये ते! कोकणातून एवढंच शिकून आले का?’

चाचा, मला कॉलेजात भूगोल होता. तीन वर्षं. परात कोणी आणली नव्हती.

आपलं भांडण झालं ते एका शब्दावरून. मी लिहिलं होतं, ‘करोडो वर्षांपूर्वी इथे समुद्राने किनारा गिळला, आज खाण उरलेला गिळणार.’ तुम्ही वाचलंत आणि कागद गुडघ्यावर ठेवलात.

‘समुद्र गिळत नाही, बेटा.’

‘चाचा, हे पत्रक आहे. पाठ्यपुस्तक नाही.’

तुम्ही चाचींनी निवडायला घेतलेली तुरीची डाळ ताटात पसरलीत. ताट जरासं उतरतं धरलंत आणि बोटाने डाळीचे दाणे ढकलून दाखवलेत. लाट काठावर तिरपी चढते, परतताना सरळ उताराने खाली येते. दाणा तिरपा वर, सरळ खाली. तिरपा वर, सरळ खाली. प्रत्येक खेपेला एक पाऊल बाजूला सरकतो. ‘अशी रेती काठाकाठानं चालते. इकडून उचलते, तिकडं ठेवते. पावसाळ्यात आत नेते, हिवाळ्यात वापस आणते. खाल्लं म्हणशीन तं ठेवलं कोणं?’ मग ती भिंत सांगितलीत. विश्रामघराच्या मालकाने लाटांच्या भीतीने पुढे दगडी भिंत घातली होती. एका पावसाळ्यात भिंतीपुढची रेती गेली, कारण पाणी भिंतीला धडकून जोरात परतायचं आणि रेती ओढून न्यायचं. शेजारच्या वाडीची, होड्या ओढायची रेतीची पुळणही बारीक झाली. तिकडे चालत जाणारी रेती वाटेतच अडली होती. ‘साऱ्यायनं समुद्राले शिव्या देल्या. भितीले कोणीच नाही.’

‘मग काय लिहू? समुद्र उचलून ठेवतो? ते वाचून कोण येईल मोर्चाला?’

‘जो येईन तो थांबन.’

‘आन् हे समुद्र समुद्र पण सांभाळून लिही,’ तुम्ही पुढे म्हणालात. ‘मोठ्या तळ्याच्या काठी पण असे वळ येतात. बोलाले समुद्र ठीक आहे. लिहाले मोठ्या पाण्याचा काठ लिही, आन् एखादा शिकलेला माणूस आणून दाखव. किती वर्ष झाले ते पण त्यालेच विचार. मी नाही मोजले.’

मी पत्रक बदललं नाही. ‘गिळला’ तसंच राहिलं आणि त्याखाली मी लिहिलं, ‘असे तज्ज्ञांचे मत आहे.’ तज्ज्ञ तुम्ही होतात. तुमचं नाव मी घातलं नाही. प्रूफ वाचताना तुम्ही ‘तज्ज्ञांचे’ वर बोट ठेवलंत आणि विचारलंत, ‘हे कोण हायेत? मले भेटाव तं खरं एकदा. काही विचारायचं आहे.’ मी म्हटलं, चाचा, चेष्टा पुरे. तुम्ही चेष्टा करत होतात की नाही, हे मला आजही माहीत नाही.

आणि सुनावणीचा बुधवार आला. तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होतात, दुसऱ्या रांगेत माझ्या शेजारी. खिशात रेतीची पुडी. विचारलंच तर दाखवायला. खाणवाल्यांचा माणूस उठला, आमचंच पत्रक हातात. ‘साहेब, यांच्याच म्हणण्यानुसार समुद्राने किनारा गिळला. गिळला तर खुणा राहिल्या कशा? या नाल्याच्या पुराच्या खुणा आहेत. दरवर्षी पडतात.’ हॉलमध्ये हशा पिकला. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी पत्रक चाळलं. आवाज चढवलाही नाही त्यांनी. साधं विचारलं, ‘तज्ज्ञांचे मत म्हणता. हे सांगतंय कोण?’

तुम्ही उठायला लागलात. गुडघ्यावर हात टेकून, हळू. दम लागायचा तुम्हाला तेव्हा. आणि माझा डावा हात तुमच्या खांद्यावर गेला. गेला नाही, मी नेला. दाबला. तुम्ही बसलात.

मी म्हटलं, ‘नावे लवकरच सादर करू.’

फरशीवाला म्हटलं तर हसतील, असं मला वाटलं. मला! ‘कष्टकऱ्यांच्या ज्ञानाचा सन्मान करा’ हे वाक्य मी किमान दहा पत्रकांत छापलंय. त्या दिवशी कष्टकऱ्याचं ज्ञान खिशात रेती घेऊन उठत होतं आणि मी त्याला हाताने खाली बसवलं. दोन्हीकडचा उतार सारखा असतो, हे एवढं एक वाक्य तुम्ही बोलला असतात तर पुराच्या खुणांचा मुद्दा तिथेच पडला असता. परात मागितली असतीत तुम्ही. साहेब उठून बघायला आले असते, कदाचित. नसतेही आले. पण ते ठरवायचा हक्क माझा नव्हता.

बाहेर टपरीवर तुम्ही दोन घोट घेतलेत आणि एवढंच म्हणालात, ‘हाताले जोर आहे तुह्या. सब्बल चांगली चालवशीन.’

मी माफी मागितली नाही. उद्या मागू म्हटलं. मग पेपरातल्या बातम्या, अर्ज, धावपळ. आपण नंतर कितीदा भेटलो, पण त्या हाताबद्दल एक अक्षर नाही.

नाल्याच्या खालच्या अंगाला परवानगी मिळाली. वरच्या अंगाचा निकाल राखून ठेवला, ‘आक्षेपकांनी पुरावा सादर करावा’ म्हणून. महिनाभरात त्या अंगाचे थर खडी होऊन गेले. ते थर, ज्यांवर तुम्ही पाणी ओतलं होतं. मी तिथून फोन केला तेव्हा मला रडू येत होतं, आणि तुम्ही विचारलंत, ‘कोण्या बाजूनं फोडलं? थर उचलले, का सुरुंग लावला?’ सुरुंग, मी म्हटलं.

दुसरं एक भांडण आपलं अर्धंच राहिलं. तुमच्या छातीचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दगडाची भुकटी आत बसलीय, इतक्या वर्षांची. मी पेटलेच. कापताना तोंडावर साधं फडकं, बाकी काही नाही, कोणी विचारत नाही, कुठे नोंद नाही. यावर पत्रक काढू म्हटलं. तुम्ही हात जोडलेत. ‘माह्या छातीवर नको काढू. पहिले ते नाल्याचं पुरं कर.’ मी म्हटलं दोन्ही करू. तुम्ही म्हणालात, ‘तू एकाच वेळी दोन फरश्या उचलते, म्हणून तुह्या दोन्ही फुटतात.’ मी रागावून निघून आले. भुकटी तुमच्या छातीत होती आणि चिडण्याचा मान मला हवा होता. पण चाचा, मी याबाबत अजूनही मागे हटलेले नाही. ते पत्रक निघेल. तुमचं नाव घालून निघेल. तुम्ही आता अडवू शकत नाही.

शेवटचा फोन तुम्ही गेलात त्याच्या आठ दिवस आधीचा. आमच्याकडे दादाच्या लग्नाची तयारी चालू होती. दोन खोल्यांत टाईल्स बसवायच्या म्हणून बाबांनी मजूर लावले होते. मी पोरांसोबत जीपमध्ये, बाभुळगावच्या बैठकीला निघालेली.

‘पोट्टे, तुह्या घरची फरशी काढून राह्यले म्हणते?’

‘हो चाचा, टाईल्स लावून राह्यले. आवाज येत नाही, मग बोलू?’

‘घण नको मारू म्हणा त्यायले. सब्बल लावा. जोडात घालून हळू...’

‘सांगते, सांगते. ठेवू?’

‘ऐक ना...’

मी ठेवला. बाबांना सांगितलंही नाही. मला वाटलं, जुन्या मिस्त्रीला आपल्या कामाची माया, दुसरं काय.

तुमची मय्यत उठली तेव्हा मी चाचींजवळ बसले होते, आतल्या खोलीत बायकांमध्ये. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले. चाची सुपारी कातरत होत्या, कोणासाठी कोण जाणे, तुम्ही नसताना. मला म्हणाल्या, ‘बेटी, तुले एक सांगते. तुह्या चाचानं जिंदगीभर लोकायले उलटी फरशी घातली.’

मला कळलं नाही.

‘कोकणातून आले न्, तेव्हापासून. वळाची फरशी आली का मशीन नाही लावायची. तोंड खाली करून सिमेंट-रेतीच्या मसाल्यात बसवायची, आन् पाठ वर घेऊन पॉलिश मारायची. पाठ तं सपाटच राह्यते. गिऱ्हाईक खूश. मी म्हणो, हा धोका आहे, लोकायले फसवणं आहे, खुदा विचारन. तं म्हणे, धोका नाही, ठेवलेलं आहे. उचलते न् ठेवते, मी पण तेच केलं.’ आणि चाची हसायला लागल्या. हसता हसता अडकित्ता खाली पडला. ‘निशाणी पण करून ठेवे. दाराकडच्या कोपऱ्यात छन्नीनं तीन ठिपके, एका ओळीत. म्हणे, कोणी कधी काढलीच, तं समजन.’

‘मग मला का नाही सांगितलं? पुरावा मागून राह्यले होते ते.’

‘सांगणार होते. म्हणे, सांगतलं का ते पोट्टी पत्रक काढन, आन् लोक घण घेऊन आपापलं घर फोडतीन. पहिले तिले सब्बल धरणं शिकवतो. फोन केलता ना तुले?’

केला होता.

मी दारव्ह्याहून बोरीला कशी आले ते आठवत नाही. घरी पोचले तेव्हा पुढच्या खोलीत नव्या टाईल्स चकाकत होत्या. जुन्या फरशीचं काय केलं, विचारायची गरज नव्हती. मजुरांनी घणाने फोडली होती आणि ते तुकडे गल्लीतल्या चिखलाच्या खड्ड्यांत टाकायला मीच घमेली उचलली होती. पाच का सहा. घराला हातभार म्हणून. घमेल्यात वळ होते का? असणारच. चिखल-मसाल्याने माखलेले. मी पाहिलं नाही. सुरुंगावर ओरडणारी मी, माझ्या अंगणात घणाच्या आवाजात जेवत होते.

स्वयंपाकघर उरलं होतं. सोमवारी त्याचा नंबर. दाराकडच्या कोपऱ्यात, आईच्या पोतेऱ्याने झिजलेले, तीन ठिपके. एका ओळीत. सव्वीस वर्षं मी त्यांच्यावरून जेवायला गेले आहे.

बाबांना सब्बल आणायला सांगितली. बाबा म्हणाले, मजूर करतील. मी म्हटलं, मजूर नाही, मी. जोड आधी खिळ्याने मोकळा केला, मग टोक घालून हळू. तुम्ही फोनवर जेवढं सांगितलंत तेवढंच मला येत होतं. फरशी हलली, आवाज करून सुटली. आम्ही तिघांनी धरून ती उलटी केली आणि भिंतीला टेकवली. खाली तोंड करून ती झोपली होती तिथला मसाला उघडा पडला आणि त्या मसाल्यातही वळांचा ठसा, उलटा. आई तांब्या घेऊन आली. पाणी ओतलं, काथ्याने घासलं. बाबा ओणवे होऊन बघत राहिले. मग म्हणाले, ‘हे तं पाणी आहे.’

मी हात फिरवला. दोन्हीकडचा उतार सारखा. माथा टोकदार. टोक जिकडे, तिकडे आभाळ. आमच्या घरात आभाळ इतकी वर्षं खाली होतं.

त्या दिवशी, दोन वर्षांपूर्वी, दार लावून तुम्ही हेच पाहत बसला होतात ना? तासभर. एक फरशी बसवायला तासभर लागत नाही, चाचा, हे मला आता कळतं. आणि बाहेर येऊन तुम्ही मला समुद्राचं सांगितलंत. आत नुकतेच भेटून आला होतात त्याला.

नाल्याच्या खालच्या अंगाचे थर खडी झाले, पण त्याआधी कितीतरी वर्षं त्याच जागेतून हाताने काढलेली फरशी तुम्ही दारव्हा, बोरी, बाभुळगावपर्यंत घरोघर बसवलीत. काय फोडलं गेलं, याचा पुरावा साहेबांनी मागितला होता. तो आमच्या कपाटात नाही. तो लोक जेवतात, झोपतात त्याच्याखाली आहे. तुम्ही एक किनारा उचललात आणि ठेवलात.

मला तुमची माफी मागायची होती. मागते. त्या हाताची. आता जरा बाजूला बसा, चाचा, मला वाचणाऱ्यांशी बोलायचं आहे.

तुम्ही, हे वाचणारे. तुमच्या घरची जुनी फरशी काळपट दगडाची असेल तर आज खाली वाका. दाराकडच्या कोपऱ्यात एका ओळीत तीन ठिपके दिसतात का बघा. दिसले आणि फरशी चांगली असली तर तिला हात लावू नका, फक्त पोरांना सांगा की खाली काय आहे. पण टाईल्स लावायच्या ठरल्या असतील, तर मजुराच्या हातातला घण काढून घ्या. जोड मोकळा करा, सब्बल लावा, हळू उचला. धुवा. आणि वरच्या अंगाची सुनावणी आहे त्या सकाळी, या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, साडेअकराच्या आत ती फरशी त्याच हॉलच्या पायऱ्यांवर आणून ठेवा. वळ वर करून. शेजारी पाण्याचा तांब्या ठेवा.

साहेब विचारतील, हे सांगतंय कोण. तेव्हा उठून उभे राहा आणि नाव घ्या. इस्माईल मिस्त्री, फरशी बसवणारे, राहणार दारव्हा.